ट्रान्झिएंट सिम्युलेशन अडकलं तर: कन्व्हर्जन्स आणि अचूकतेसाठी नवख्यांना मार्गदर्शन

ट्रान्झिएंट सिम्युलेशन (सर्किटमधले व्होल्टेज आणि करंट वेळेनुसार कसे बदलतात याचा संगणकावरचा हिशोब) चालवणाऱ्या प्रत्येकाला ‘टाइमस्टेप टू स्मॉल’ हा संदेश कधी ना कधी भेटतोच. मग बहुतेक जण थेट ऑप्शन्सची खिडकी उघडतात, रेलटोल (उत्तरात प्रमाणाने किती फरक चालेल ती मर्यादा) दहापट सैल करतात आणि पुन्हा रन करतात. कधीकधी ते चालूनही जातं. वेव्हफॉर्म दिसला की काम झालं असं वाटतं, आणि तो खरा आहे का हे कोणी विचारत नाही. नव्याने शिकणाऱ्यांच्या बाबतीत हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की नेमका उलटा क्रम लिहून ठेवतो आहे: आधी सर्किट, मग टाइमस्टेप, मग इंटिग्रेशनची पद्धत आणि ऑप्शन्स सगळ्यात शेवटी.

खालचं सगळं स्पाइस या मूळ सर्किट सिम्युलेटरच्या कुळातल्या प्रोग्रॅमना लागू पडतं. एलटीस्पाइस, एनजीस्पाइस, पीस्पाइस यांपैकी तुम्ही काहीही वापरत असाल तरी आतलं गणित फारसं वेगळं नाही. ऑप्शन्सची नावं आणि डीफॉल्ट किमती मात्र थोड्या बदलतात.

सुरुवातीला जवळ काय असावं

- तुमच्या सिम्युलेटरचं मॅन्युअल. निदान ट्रान्झिएंट ॲनालिसिस आणि ऑप्शन्स ही दोन प्रकरणं उघडून ठेवा.
- सर्किटची नेटलिस्ट, म्हणजे घटक आणि त्यांच्या जोडण्यांची यादी, मजकूर स्वरूपात. स्कीमॅटिकमध्ये न दिसणाऱ्या चुका नेटलिस्टमध्ये दिसतात.
- वापरलेल्या डायोड, मॉस्फेट, ऑपॲम्पच्या डेटाशीट. विशेषतः कपॅसिटन्स आणि स्विचिंग वेळांचे आकडे लागतील.
- हाताने केलेला ढोबळ हिशोब: आउटपुट साधारण किती यायला हवं, रिपल किती, स्थिरावायला किती वेळ.
- नोंदीसाठी वही किंवा फाइल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती लिहा. चार ऑप्शन्स एकदम बदलून सिम्युलेशन चाललं, तर ते कशामुळे चाललं हे नंतर कळायला मार्ग नाही.

आत काय चालतं

एवढं समजून घेतलंत तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतील, म्हणून इथे थोडं थांबा.

सिम्युलेटर वेळेत एकेक पाऊल टाकत पुढे जातो. प्रत्येक क्षणी तो कपॅसिटर आणि इंडक्टरच्या जागी एक रेझिस्टर आणि एक सोर्स बसवतो. त्यांच्या किमती टाइमस्टेपवर आणि मागच्या क्षणाच्या स्थितीवर ठरतात; त्या काढण्याच्या रीतीला इंटिग्रेशनची पद्धत म्हणतात. उरलेल्या नॉनलिनिअर घटकांसाठी न्यूटन-रॅफसन पद्धत वापरली जाते: एक अंदाज घ्यायचा, त्या बिंदूपाशी डायोडच्या वक्राला स्पर्शरेषा काढायची, समीकरणं सोडवायची, नवा अंदाज मिळवायचा आणि दोन अंदाजांमधला फरक नगण्य होईपर्यंत हेच करत राहायचं.

हे अवघड का जातं, ते डायोडच्या आकड्यांत बघा. सॅच्युरेशन करंट १० फेम्टोअँपिअर असलेल्या साध्या डायोडमधून ०.६ व्होल्टला साधारण ०.१२ मिलिअँपिअर करंट वाहतो. त्याच सूत्रात १ व्होल्ट टाका, तर उत्तर ६०० अँपिअरच्या वर जातं. अंदाज अर्ध्या व्होल्टने जरी चुकला, तरी करंट कोट्यवधी पटींनी चुकतो. म्हणूनच न्यूटनला चांगला पहिला अंदाज लागतो, आणि ट्रान्झिएंटमध्ये तो अंदाज येतो मागच्या क्षणाच्या उत्तरावरून. पाऊल जितकं लहान, तितका अंदाज खऱ्या उत्तराच्या जवळ.

जुन्या स्पाइसच्या डीफॉल्टप्रमाणे एका क्षणासाठी दहा फेऱ्यांत उत्तर जमलं नाही, तर सिम्युलेटर स्टेप एकदम लहान करून पुन्हा प्रयत्न करतो. स्पाइस ३ मध्ये ती आठ पटींनी कमी होते. पाऊल आखडायचं दुसरंही कारण आहे: उत्तर जमलं, पण त्या पावलात इंटिग्रेशनची चूक जास्त झाली असं दिसलं, तरीही स्टेप लहान केली जाते. या दोन कारणांत गल्लत करू नका. पहिलं कन्व्हर्जन्सचं, म्हणजे अंदाज एका उत्तरावर स्थिरावण्याचं, दुसरं अचूकतेचं.

स्टेप लहान करण्यामागे एक गृहीतक आहे: वेळ कमी केला की व्होल्टेजमधला बदलही कमी होईल. तुमच्या सर्किटमध्ये एखादा नोड शून्य वेळात १२ व्होल्टवरून उणे १ व्होल्टवर उडी मारत असेल, तर स्टेप कितीही लहान केली तरी उडी तेवढीच राहते. शेवटी स्टेप किमान मर्यादेखाली जाते आणि तो संदेश येतो. ऑप्शन्स बदलून ही उडी नाहीशी होत नाही.

१. संदेश नीट वाचा: कुठला नोड, कुठली वेळ

लॉग फाइल उघडा. बहुतेक सिम्युलेटर अडकल्याची वेळ आणि त्रास देणारा नोड किंवा डिव्हाइस सांगतात. यावरून पुढचा रस्ता ठरतो.

शून्याव्या क्षणालाच अडकलं असेल, तर दोष ट्रान्झिएंटचा नाही. डीसी ऑपरेटिंग पॉइंटच सापडलेला नाही. पायरी २ आणि ३ बघा.

नेमकं एखाद्या पल्सच्या कडेवर किंवा स्विच उघडण्याच्या क्षणी अडकलं असेल, तर पायरी ४ तुमच्यासाठी आहे.

अडकत नाही, पण मुंगीच्या पावलांनी चाललं आहे, असं असेल तर सर्किटमध्ये कुठेतरी गरज नसताना फार वेगवान असं काहीतरी घडतं आहे. अडकण्याच्या आधीचा वेव्हफॉर्म झूम करून बघा. त्यात बहुधा रिंगिंग (कडेनंतर उरणारं वेगवान दोलन) किंवा वेगाने थरथरणारा कंपॅरेटर सापडतो.

२. नेटलिस्ट तपासा

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक ती गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच वाचतो.

आधी प्रत्यय बघा. स्पाइस लहान-मोठी अक्षरं सारखीच मानतं, म्हणून ‘एम’ म्हणजे नेहमी मिली. मेगासाठी ‘मेग’ लिहावं लागतं. १ मेगओमच्या जागी १ मिलिओम गेला की सर्किट दिसायला तेच राहतं आणि वागायला भलतंच होतं. दुसरा सापळा ‘एफ’चा: कपॅसिटरपुढे फॅरड म्हणून ‘१एफ’ लिहिलंत, तर ते १ फेम्टोफॅरड धरलं जातं. फॅरडचं अक्षर लिहूच नका.

मग प्रत्येक नोडपासून ग्राउंडपर्यंत डीसी करंटला वाट आहे का ते बघा. दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असले, तर मधला नोड तरंगता राहतो. ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू ग्राउंडला कुठेच जोडलेली नसेल तर तेच. अशा जागी ग्राउंडशी १ गिगाओमच्या आसपासचा रेझिस्टर जोडला की भागतं. एनजीस्पाइसमध्ये ‘आरशंट’ ऑप्शनने सगळ्या नोडना असा रेझिस्टर एकदम लावता येतो. शोधकामासाठी तो उत्तम, पण अंतिम सर्किटमध्ये नेमक्या जागी हाताने लावलेला बरा.

उलट बाजूही तपासा: दोन व्होल्टेज सोर्स समांतर, किंवा व्होल्टेज सोर्सला समांतर शुद्ध इंडक्टर, अशी रेझिस्टन्सशून्य वेटोळी ठेवू नका. मिलिओमभर रेझिस्टन्स द्या. एलटीस्पाइस इंडक्टरला मुळातच १ मिलिओमचा सिरीज रेझिस्टन्स धरतं. त्यामुळे तिथे चाललेलं सर्किट दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये अडकू शकतं.

३. सुरुवातीची स्थिती ठरवा

ऑपरेटिंग पॉइंट थेट सापडला नाही तर सिम्युलेटर स्वतःच आणखी मार्ग वापरून बघतो. जीमिन स्टेपिंगमध्ये सर्किटमध्ये कृत्रिम कंडक्टन्स टाकून उत्तर काढलं जातं आणि मग तो हळूहळू कमी केला जातो. सोर्स स्टेपिंगमध्ये सगळे सोर्स शून्यापासून वाढवत नेले जातात. हे सगळं करूनही अपयश आलं, तर तुमच्या मदतीची गरज आहे.

फ्लिपफ्लॉप किंवा लॅचसारख्या सर्किटला दोन स्थिर अवस्था असतात, आणि न्यूटन त्या दोन्हींच्या मधे घुटमळू शकतो. अशा वेळी ‘नोडसेट’ वापरा. तो फक्त पहिला अंदाज देतो. ‘आयसी’ मात्र ट्रान्झिएंटची सुरुवात त्या व्होल्टेजवर बांधून टाकतो. दोन्हींत फरक आहे, आणि नवखे हमखास नोडसेटच्या जागी आयसी लिहितात.

‘यूआयसी’ लिहिलं की ऑपरेटिंग पॉइंट काढणंच टाळलं जातं. ज्या कपॅसिटरची सुरुवातीची किंमत तुम्ही दिली नाही तो शून्यावर आहे असं धरलं जातं, मग सर्किटला ते शक्य असो वा नसो. पहिल्याच पावलात सगळे नोड आपापल्या जागी धाव घेतात आणि तिथेच सिम्युलेशन अडकतं. यूआयसीपेक्षा मला सप्लाय रॅम्प करणं जास्त पटतं: १२ व्होल्टचा स्थिर सोर्स काढून, शून्यापासून १२ पर्यंत ५० मायक्रोसेकंदांत चढणारा सोर्स लावा. शून्याव्या क्षणी सगळंच शून्य असतं, म्हणजे ऑपरेटिंग पॉइंट सहज मिळतो, आणि खरं सर्किटही साधारण असंच चालू होतं.

ऑसिलेटरला याच्या उलट अडचण येते. त्याचा ऑपरेटिंग पॉइंट इतका व्यवस्थित सापडतो की ऑसिलेशन सुरूच होत नाही, कारण सिम्युलेशनमध्ये नॉइझ नसतो. सप्लाय रॅम्प किंवा एखाद्या नोडला दिलेला छोटा पल्स पुरेसा होतो.

४. उड्या काढून टाका

इथे एक ठोस उदाहरण घेऊ: १२ व्होल्टवर चालणारा बक कन्व्हर्टर (स्विचिंग करून व्होल्टेज कमी करणारं सर्किट), १०० किलोहर्ट्झ, इंडक्टरमध्ये २ अँपिअर. स्विच आदर्श, चालू असताना १० मिलिओम, बंद असताना १ मेगओम. डायोडच्या मॉडेलमध्ये फक्त सॅच्युरेशन करंट दिलेला.

स्विच उघडतो त्या क्षणी बघा. इंडक्टरचा २ अँपिअर करंट थांबू शकत नाही. स्विचमधून तो जायचा तर १ मेगओमवर २० लाख व्होल्ट लागतील. खरं उत्तर आहे डायोडमधून जाण्याचं, म्हणजे स्विच नोड (स्विच, डायोड आणि इंडक्टर एकत्र येतात तो बिंदू) +१२ वरून उणे एका व्होल्टच्या आतबाहेर यायला हवा. पण त्या नोडवर एकही कपॅसिटन्स नाही, म्हणून हा प्रवास शून्य वेळात व्हावा लागतो. न्यूटनचा पहिला अंदाज १२ व्होल्ट, खरं उत्तर १३ व्होल्ट लांब, आणि वाटेत डायोडचा घातांकी वक्र. सिम्युलेशन अडकतं ते इथेच.

आता डायोडच्या मॉडेलमध्ये १०० पिकोफॅरडचा जंक्शन कपॅसिटन्स लिहा. २ अँपिअर करंट १०० पिकोफॅरडला नॅनोसेकंदाला २० व्होल्ट या दराने हलवतो. जंक्शन कपॅसिटन्स व्होल्टेजनुसार बदलतो, पण ढोबळमानाने १२ व्होल्ट उतरायला अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आसपास वेळ लागेल. अर्धा नॅनोसेकंद लहान आहे, पण शून्य नाही. आता स्टेप लहान केली की व्होल्टेजमधला बदलही लहान होतो, आणि न्यूटन पुढे सरकतो. हा कपॅसिटन्स म्हणजे मनाने घातलेली गोष्ट नाही. खऱ्या डायोडला आणि मॉस्फेटला तो असतोच, डेटाशीटमध्ये छापलेला असतो. मॉडेल वास्तवाच्या जवळ गेलं म्हणून सिम्युलेशन सुधारलं.

एक सावधगिरी. काही जण डायोडला समांतर रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर लावतात आणि रेझिस्टर मोठा घेतात. १० ओम घेतला तर २ अँपिअर त्यातून वळताच २० व्होल्टची उडी पुन्हा हजर. स्नबर रिंगिंगसाठी लावा. उडी घालवायची असेल तर नोडवर थेट कपॅसिटन्स हवा.

याच तत्त्वाने आणखी काही ठिकाणं:

स्विचच्या नियंत्रणाला खराखुरा चढ-उतार वेळ द्या, बकसाठी २० नॅनोसेकंद वगैरे. पल्स सोर्समध्ये चढाचा वेळ शून्य लिहिलात तर सिम्युलेटर स्वतःची किंमत घालतो, आणि ती कुठली हे सिम्युलेटरप्रमाणे बदलतं. शक्य असेल तर हळूवार बदलणारं स्विच मॉडेल निवडा. एलटीस्पाइसमध्ये स्विचचा हिस्टेरिसिस (चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांमधलं अंतर) ऋण लिहिला की चालू-बंदचा बदल सलग होतो.

स्विचचा चालू आणि बंद रेझिस्टन्स यांचं गुणोत्तर अवाढव्य ठेवू नका. संगणक साधारण १५-१६ अंकांपर्यंत हिशोब करतो. १ मायक्रोओम आणि १ टेराओम एकाच मॅट्रिक्समध्ये घातलेत तर लहान संख्येतले अंक मोठीच्या पुढे गळून पडतात. १० मिलिओम आणि १ मेगओम बहुतेक कामांना पुरतं.

बिहेवियरल सोर्समध्ये ‘इफ’ वापरून ० वरून ५ व्होल्टवर उडी मारणारं सूत्र लिहिण्याऐवजी हायपरबोलिक टॅन्जन्ट वापरा, म्हणजे बदल तीव्र असूनही सलग राहतो. भागाकार असेल तर छेद शून्य होणार नाही याची तजवीज करा. न्यूटन चाचपडताना अशा किमतीही घालून बघतो ज्या सर्किटमध्ये प्रत्यक्षात कधीच येणार नाहीत.

आदर्श ऑपॲम्पला दहा लाखांचा गेन दिला आणि पोल दिला नाही, तर तो अनंत वेगाने प्रतिसाद देऊ पाहतो. एक रेझिस्टर-कपॅसिटर लावून बँडविड्थ मर्यादित करा. कंपॅरेटरला थोडा हिस्टेरिसिस द्या.

५. टाइमस्टेपवर कमाल मर्यादा घाला

डॉट ट्रॅन (ट्रान्झिएंट ॲनालिसिसचा आदेश) ओळीतली पहिली संख्या पुष्कळांना गणनेची स्टेप वाटते. जुन्या स्पाइसमध्ये ती उत्तरं छापण्याची स्टेप आहे. गणनेची कमाल स्टेप ही चौथी संख्या. ती न दिल्यास एनजीस्पाइस छापण्याची स्टेप किंवा एकूण कालावधीचा पन्नासावा भाग, यांपैकी लहान असेल ती घेतो. ५ मिलिसेकंदांच्या सिम्युलेशनचा पन्नासावा भाग १०० मायक्रोसेकंद होतो. आपल्या बक कन्व्हर्टरची त्यात दहा पूर्ण आवर्तनं बसतात!

प्रत्यक्षात सिम्युलेटर पल्स सोर्सच्या कडांवर थांबतो आणि चूक मोजून स्टेप कमी करतो, म्हणून बरेचदा निभावून जातं. पण ही चूक मोजली जाते कपॅसिटर आणि इंडक्टरवर. वेळेचं सूत्र लिहिलेला बिहेवियरल सोर्स आणि नुसते रेझिस्टर असतील, तर मोजायला काहीच नाही. सूत्राने बनवलेला अरुंद पल्स दोन पावलांच्या मधे सापडून अख्खा नाहीसा होऊ शकतो, आणि कुठलाही इशारा येत नाही.

माझा नियम: ज्या सर्वांत वेगवान आवर्तनाकडे तुमचं लक्ष आहे त्याचा पन्नासावा ते शंभरावा भाग ही कमाल स्टेप. १०० किलोहर्ट्झला १०० नॅनोसेकंद. ५ मिलिसेकंदांसाठी ही किमान ५०,००० पावलं झाली. आजच्या संगणकाला ती जड नाहीत. कमाल स्टेप अति लहान केलीत तर वेळ तर जातोच, शिवाय फाइल फुगते. त्यामुळे सुरुवातीचा स्थिरावण्याचा काळ साठवायचा नसेल तर साठवण्याची सुरुवात उशिराने करा. तिसरी संख्या त्यासाठीच आहे.

कमाल स्टेप लहान केल्याने कन्व्हर्जन्सही सुधारतो, हे विसरू नका. मोठ्या पावलाने कडेवर जाऊन आदळण्याऐवजी सिम्युलेटर तिथे लहान पावलांनी पोहोचतो.

६. इंटिग्रेशनची पद्धत निवडा

तीन पद्धती भेटतात: बॅकवर्ड ऑयलर, ट्रॅपेझॉइडल आणि गिअर. यांतला फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर १ मिलिहेन्री आणि १ नॅनोफॅरड यांचं बिनरेझिस्टन्सचं एलसी सर्किट घ्या. वारंवारता साधारण १५९ किलोहर्ट्झ, आवर्तन ६.२८ मायक्रोसेकंद. कपॅसिटरवर १ व्होल्ट देऊन सोडा. रेझिस्टन्स नाही, तेव्हा हे कायम दोलन करायला हवं. एका आवर्तनात शंभर समान पावलं टाकली तर गणित असं सांगतं:

बॅकवर्ड ऑयलरमध्ये एका आवर्तनातच ॲम्प्लिट्यूड साधारण १८ टक्क्यांनी घटतो. सर्किटमध्ये नसलेला रेझिस्टन्स पद्धतीने घातला.

दुसऱ्या दर्जाच्या गिअरमध्ये घट आवर्तनाला ०.०४ टक्के. चांगलं वाटतं, पण शंभर आवर्तनांनंतर जवळपास ४ टक्के ॲम्प्लिट्यूड गेलेला असतो.

ट्रॅपेझॉइडलमध्ये ॲम्प्लिट्यूड अजिबात घटत नाही. आवर्तन फक्त ०.०३ टक्क्यांनी लांबतं.

मग ट्रॅपेझॉइडलच नेहमी का वापरू नये? कारण तिची एक खोड आहे. तिच्यात इंडक्टरचं नवं व्होल्टेज असं निघतं: करंटमधल्या फरकाला इंडक्टन्सच्या दुपटीने गुणून स्टेपने भागायचं आणि त्यातून जुनं व्होल्टेज वजा करायचं. करंट अचानक शून्यावर येऊन तिथेच थांबला, तर फरक शून्य. मग नवं व्होल्टेज म्हणजे उणे जुनं व्होल्टेज. पुढच्या पावलात पुन्हा चिन्ह उलटं. वेव्हफॉर्ममध्ये करवतीच्या दात्यांसारखी थरथर दिसते, प्रत्येक पावलाला वर-खाली. खरं रिंगिंग आणि हे यांतला फरक ओळखायचा उपाय सोपा: कमाल स्टेप निम्मी करा. थरथरीची वारंवारता दुप्पट झाली तर ती पद्धतीची आहे. सर्किटची असेल तर वारंवारता जागेवर राहते.

म्हणून निवड अशी करा. ऑसिलेटर, फिल्टर, रेझोनंट कन्व्हर्टर यांना ट्रॅपेझॉइडल. डायोड आणि स्विचमुळे करंट तुटणारी पॉवर सर्किट ट्रॅपेझॉइडलमध्ये थरथरत असतील तर गिअर. एलटीस्पाइसचा डीफॉल्ट ‘मॉडिफाइड ट्रॅप’ ही थरथर दाबतो. गिअर वापरून ऑसिलेटर सुरू झाला नाही तर सर्किटला दोष देण्याआधी पद्धत बदलून बघा. उलटही खरं आहे: गिअरमध्ये शांत दिसणारा कंट्रोल लूप प्रत्यक्षात अस्थिर असू शकतो.

७. आता ऑप्शन्स

कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेत तयार झालेलं स्पाइस १९७३ मध्ये जाहीर झालं ते इंटिग्रेटेड सर्किटांसाठी. व्होल्ट आणि मिलिअँपिअरच्या त्या जगाला साजेशा डीफॉल्ट किमती आजही बहुतेक ठिकाणी तशाच आहेत. तुमचं सर्किट त्या जगातलं नसेल तर त्या बदलायला सबळ कारण आहे.

- रेलटोल, डीफॉल्ट ०.००१. ५ व्होल्टच्या नोडवर दोन फेऱ्यांमधला ५ मिलिव्होल्टचा फरक चालेल, असा याचा अर्थ. न्यूटन शेवटी झपाट्याने जवळ येतो म्हणून खरी चूक सहसा याहून पुष्कळ कमी असते, पण भरवसा नको. ५ व्होल्टवर बसलेला १ मिलिव्होल्टचा रिपल बघायचा असेल तर ०.०००१ किंवा ०.००००१ करा. ०.०१ च्या वर कधीही नेऊ नका. सैल केल्याने मागच्या क्षणाचं उत्तर चुकतं, त्यावरून येणारा पुढचा अंदाज चुकतो आणि कन्व्हर्जन्स आणखी बिघडतो. कडक केल्यावर सिम्युलेशन चालू लागलं, असंही घडतं.
- ॲब्सटोल, डीफॉल्ट १ पिकोअँपिअर. १०० अँपिअरच्या सर्किटमध्ये करंट शून्यातून जाताना एवढी अचूकता मागणं व्यर्थ आहे. १ नॅनोअँपिअर, गरज पडल्यास १ मायक्रोअँपिअर करा. नॅनोअँपिअरचा सेन्सर असेल तर मात्र हात लावू नका, उलट कमी करा.
- व्हीएनटोल, डीफॉल्ट १ मायक्रोव्होल्ट. शेकडो व्होल्टच्या सर्किटला १०० मायक्रोव्होल्ट चालतं.
- जीमिन, डीफॉल्ट १ पिकोसीमेन्स. प्रत्येक जंक्शनला समांतर असलेला हा कंडक्टन्स कन्व्हर्जन्सला मदत करतो. वाढवण्याचा मोह टाळा. ५ व्होल्टला डीफॉल्ट किमतीतच ५ पिकोअँपिअर गळती होते, हजारपट केलीत तर ५ नॅनोअँपिअर.
- टीआरटोल. सिम्युलेटर इंटिग्रेशनची चूक असते त्याहून जास्तच धरतो असं मानून मर्यादा किती पट ढिली करायची ते हा ठरवतो. जुन्या स्पाइसमध्ये ७, एलटीस्पाइसमध्ये १. दोन सिम्युलेटरची उत्तरं जुळत नसतील तर हे आधी बघा.
- आयटीएल४, डीफॉल्ट १०. एका क्षणासाठी किती फेऱ्या करायच्या. ५० किंवा १०० करायला हरकत नाही. याने अचूकता बिघडत नाही, फक्त स्टेप लहान करण्याआधी जास्त प्रयत्न होतात. ऑप्शन्समधला सर्वांत निरुपद्रवी बदल हाच.

८. चाललं म्हणजे बरोबर आलं असं नाही

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची चाचणी: कमाल स्टेप निम्मी करा, रेलटोल दहापट कडक करा, पुन्हा चालवा आणि दोन्ही वेव्हफॉर्म एकावर एक ठेवा. तुम्हाला हवी असलेली संख्या, मग ती रिपल असो वा पीक करंट, बदलली तर पहिलं उत्तर अजून पक्कं नव्हतं. पुन्हा निम्मी करा. सिम्युलेटर प्रत्येक पावलातली चूक आवरतो, पण हजारो पावलांत साठणारी चूक तो मोजत नाही. ती तुम्हालाच अशी बघावी लागते.

दुसरी चाचणी स्थिर अवस्थेतली. एका पूर्ण आवर्तनावर इंडक्टरचं सरासरी व्होल्टेज शून्य यायला हवं आणि कपॅसिटरचा सरासरी करंटही शून्य. येत नसेल तर एकतर सर्किट अजून स्थिरावलेलं नाही किंवा हिशोब गळतो आहे. मग इनपुट पॉवरची आउटपुट आणि सगळ्या घटकांतल्या नुकसानाशी बेरीज जुळवा.

नव्या सिम्युलेटरशी ओळख करून घेताना १ किलोओम आणि १ मायक्रोफॅरडला ५ व्होल्टची स्टेप द्या. १ मिलिसेकंदाला ३.१६१ व्होल्ट मिळायला हवेत. कर्सर लावून तिसरा दशांश बघा आणि ऑप्शन्स बदलून तो कसा हलतो ते बघा.

एफएफटी (वेव्हफॉर्ममधल्या वारंवारता वेगळ्या करणारा हिशोब) काढणार असाल तर आणखी काळजी हवी. सिम्युलेटरचे बिंदू असमान अंतरावर असतात आणि एफएफटीआधी त्यांच्यामध्ये सरळ रेषा जोडल्या जातात. आवर्तनाला १०० बिंदू असतील तर साइन वेव्हच्या शिखरापाशी ही रेषा साधारण ०.०५ टक्क्याने खाली राहते, म्हणजे उणे ६६ डेसिबल. ०.००१ टक्के डिस्टॉर्शन त्यात कसं दिसणार? आवर्तनाला १००० बिंदू घेतलेत तर ही चूक शंभरपट कमी होते. एलटीस्पाइसमध्ये वेव्हफॉर्म साठवताना डेटा दाबला जातो. ‘प्लॉटविनसाइझ’ शून्य करून ते बंद करा. खिडकीत आवर्तनं पूर्णांकच बसवा.

९. तरीही अडकतंय? सर्किट अर्धं करा

मूळ फाइलची प्रत काढा. एक भाग काढून त्याच्या जागी साधा सोर्स किंवा रेझिस्टर ठेवा. अडकणं थांबलं तर दोष काढलेल्या भागात. नाही थांबलं तर उरलेल्यात. असं करत गेलात की चार-पाच घटकांचं, पण हमखास अडकणारं सर्किट हाती लागतं, आणि बहुतेक वेळा त्याच क्षणी कारणही दिसतं.

कारण एखाद्या उत्पादकाच्या मॉडेलमध्ये निघालं तर सबसर्किटची फाइल उघडून वाचा. त्यात ‘इफ’ने लिहिलेली सूत्रं, चढाला वेळ नसलेले सोर्स किंवा तरंगते नोड आहेत का ते शोधा. सापडले तर पायरी ४ तिथेही तशीच लागू करा. फाइल एन्क्रिप्ट केलेली असेल तर त्या भागाऐवजी आधी साधं मॉडेल लावून बाकीचं सर्किट पक्कं करा, आणि मूळ मॉडेल परत आणाल तेव्हा त्याच्या प्रत्येक पिनवर काही पिकोफॅरड आणि सिरीजमध्ये काही मिलिओम ठेवून सुरुवात करा.